काम थांबले, म्हणून धर्म थांबला काय?

मागे एका गावी कीर्तनास गेलो असता आमच्या बिऱ्हाडाशेजारी एक जुना वाडा अर्धा पाडून ठेवलेला दिसला. भाऊबंदकीचा दावा लागला नि काम थांबले, त्यास तीन पावसाळे लोटलेले. पोरे भिंतीच्या सावलीत गोट्या खेळत होती. आम्ही मालकांस विचारले, तर म्हणाले, "बुवा, आता आम्ही तिथे काहीच करीत नाही. मग दोष कसला?"

हा पूर्वपक्ष वरवर बरा दिसतो. पण पाहा, तुळया काढल्या की भिंतीचा आडवा आधार गेला. उघड्या माथ्यातून पाणी मुरते, दगडांमधली माती सुटते. नव्या घराच्या पायाचा खड्डा अर्धवट राहिला, तरी तेच. कडा ढासळतात, पाणी साचते आणि डबके वरून उथळ दिसते. माणसाचे काम थांबते, पावसाचे थांबत नाही. 14 ऑक्टोबर 2020 रोजी पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भर पावसात नव्या घाटाची भिंत कोसळून सहा जीव गेले. नव्या भिंतीची ही गत, तर अर्धवट पाडलेलीचा भरवसा काय?

नित्यकर्म न केल्याने प्रत्यवाय लागतो, असे मीमांसक सांगतात. ज्याने भिंतीचा आधार काढला, त्याला ती राखणे हे नित्यकर्मच झाले. दावा कोर्टात असेल, धोका रस्त्यावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बोअरवेलींविषयी असेच बजावले: खोदताना भोवती कुंपण हवे, आणि टाकून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत बुजवली पाहिजे. सोडून दिली म्हणून सुटका नाही.

मग करावे काय? भक्कम पत्र्यांचे कुंपण, रात्री दिवा, खड्ड्यावर झाकण. कललेली भिंत टेकू देऊन धरावी, नाहीतर जाणत्याकडून उतरवून घ्यावी. प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाहणी करावी. नुसती दोरी बांधून 'सावधान' लिहिणे पुरे नाही. लेकराला अक्षर कुठे येते?

मालक गप्प झाले, पण संध्याकाळी पत्रे आणवले. आणि आमचे काय? दोन दिवस आम्हीही त्याच भिंतीखालून जा-ये केली, पोरे पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी तोंड उघडले. बाबांनो, ते दोन दिवस आमच्या खाती आहेत.