‘नीट’नंतर उरलेले विज्ञान

दहावीचा निकाल लागला की बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या रामपायलीतल्या घरांत प्रश्न निघतो: बायो घ्यायचे की मॅथ्स? बायो घेतले म्हणजे डॉक्टर व्हायचे, हे घरच्यांनी धरलेलेच असते. मग नीट, 180 प्रश्न, 720 गुण, एखादे वर्ष ड्रॉप. नंबर लागला तर पेढे. नाही लागला तर मान खाली घालून बीएस्सीचा फॉर्म. विज्ञान ही हरलेल्या मुलांची जागा आहे, असे आपण न बोलता मुलांच्या मनावर कोरतो. हा त्या मुलांवर अन्याय आहे, आणि विज्ञानावरही.

आपल्याच भागातले दुखणे घ्या. बालाघाट, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल घराघरांतून माहीत आहे. हाडे ठणकून रात्रभर कळवळणारे लेकरू ज्याने पाहिले, त्याला डॉक्टर का हवा हे सांगावे लागत नाही. त्या रात्री सलाईन, वेदनाशामक औषध आणि धीराचा शब्द हवा असतो. पुढे नियमित हायड्रॉक्सीयुरिया आणि त्यावर लक्ष ठेवणारे कुणीतरी.

पण या आजाराची गोष्ट दवाखान्यात संपत नाही. 1910 मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. पेशी अशा का होतात, हे कळायला जवळजवळ चाळीस वर्षे गेली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे व्हर्नन इन्ग्रम यांनी त्या प्रथिनात फक्त एक अमिनो आम्ल बदललेले असते, हे शोधले. या दोघांनी रुग्णाची नाडी धरली नव्हती. पण त्या ज्ञानाच्या बळावरच डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत सिकलसेलवरच्या जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्याची तिथली किंमत सुमारे 22 लाख डॉलर! आपल्या पट्ट्यातल्या लेकरापर्यंत तो पोचायचा तर कुणीतरी प्रयोगशाळेत बसून तो स्वस्त केला पाहिजे. ते काम बायो घेतलेली इथलीच एखादी मुलगी का करणार नाही?

म्हणून मुलांना गुणांच्या आधी स्वभाव विचारावा असे मला वाटते. समोरच्या माणसाचे दुखणे आजच हलके झाल्याशिवाय चैन पडत नाही, की एखादे ‘का’ वर्षानुवर्षे उराशी बाळगता येते? दोन्ही प्रकारची माणसे समाजाला लागतात. घरची ओढाताण पाहून लवकर कमावण्याची वाट धरणाऱ्या मुलाला मात्र कुणी कमी लेखू नये. संशोधनात हाती स्थिर पगार यायला फार वर्षे लागतात. ती सोसण्याची ऐपत प्रत्येक घरात नसते.

आणि सतराव्या वर्षीचा निर्णय म्हणजे जन्माची रेघ नव्हे. रामपायलीत ज्यांच्या काकांचे घर होते, ते डॉ. केशव हेडगेवार 1910 मध्ये कलकत्त्याला वैद्यकी शिकायला गेले, पदवी घेऊन नागपूरला परतले आणि दवाखाना न थाटता सार्वजनिक कामात पडले. त्यांचे विचार कुणाला पटोत न पटोत. पदवी एक आणि आयुष्याचे काम दुसरे, असे घडू शकते एवढे तरी गावाला त्यांच्यामुळे ठाऊक आहे.

एक व्यवहाराची गोष्ट पालकांना सांगतो. भोपाळच्या आयसरमध्ये विज्ञानाच्या पाच वर्षांच्या शिक्षणासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते आणि बारावीला गणित नसलेली, बायोची मुलेही ती देऊ शकतात. यंदा नीटचा फॉर्म भराल तेव्हा, नीटचा निकाल लागायची वाट न पाहता, आयसरचा फॉर्मही भरा. आणि मुलीने ‘मला आयसरलाच जायचे आहे’ म्हटले, तर पेढे तेवढेच वाटा.