सातवं पेव

सांगलीला लागूनच, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत खोल पेवं खणून व्यापारी हळद साठवत. आत पाला, गवत, तरट लावायचं, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं, की दोन-दोन वर्षं माल हलत नसे. 2005 च्या महापुरात बहुतेक पेवांत पाणी शिरलं. ही गोष्ट त्याच्या पुष्कळ आधीची आहे. 1989 साली आयकराने सगळ्यांना 31 मार्चला बांधलं. त्याच्याही आधीची, दिवाळी ते दिवाळी वर्ष धरायचं तेव्हाची.

एका अडत दुकानात तीन भावांची भागी होती. थोरल्याचे आठ आणे, मधल्याचे चार, धाकट्याचे चार. वह्या दिवाणजींच्या हातात. त्यांच्या कीर्दीत खाडाखोड सापडली तर जेवू घालीन, असं थोरले शेठ पैज लावून सांगत.

त्या दिवाळीला दिवाणजींनी नेहमीसारखी पेवांची वही उघडली, बारा पेवं मोजली, पोत्यांना खरेदीभावाने गुणलं आणि अखेरचा साठा मांडला. नफा निघाला 6,40,000 रुपये. मधल्या भावाला शेतीचं वेड लागलं होतं. त्याने पाडव्याला आपले चार आणे, म्हणजे 1,60,000 रुपये आणि भांडवल उचललं आणि भागीतून मोकळा झाला. त्याच्या जागी शेठनी दुकानातल्या तोलाराला घेतलं. तीस वर्षं त्याने काटा धरला होता, एका रुपयाचं वजन इकडचं तिकडे केलं नव्हतं. बायकोचे दागिने मोडून त्याने भांडवल आणलं. दुकानात पेढे वाटले गेले.

फाल्गुनात नवा माल यायला लागला तसा भाव बरा बघून जुना काढायचं ठरलं. हमालांनी सातव्या पेवाचं लिंपण फोडलं. पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नाही. आत हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो. म्हणून रात्रभर तोंड उघडं ठेवलं आणि सकाळी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. भरल्या पेवात कंदील थोडा खाली जातो आणि हळदीवर टेकतो. हा टेकेना. दोरी सुटत गेली, सुटत गेली, हातात शेवटची गाठ आली, तेव्हा कुठे खालून मातीवर टेकल्याचा आवाज झाला. कंदील विझला नव्हता. त्याच्या उजेडात रिकामं तरट दिसत होतं.

चोरी झाली म्हणून आधी ओरड झाली. दिवाणजी काही न बोलता दुकानात गेले आणि भाद्रपदाची कीर्द काढून बसले. सापडायला वेळ लागला नाही. सातवं पेव भाद्रपदातच विकलं होतं. दोनशे पोती. दिवाणजी त्या आठवड्यात काविळीने घरी होते. धाकट्याने विक्री कीर्दीला लिहिली, पैसे जमा केले, पण पेवांच्या वहीतली ओळ मारायची राहिली. पाऊस शिरू नये म्हणून हमालांनी रिकामं पेव पुन्हा लिंपून ठेवलं होतं. वरून बारा ढेकळं सारखीच दिसत.

म्हणजे माल विकलाही गेला होता आणि शिलकीतही होता. पोत्याला हजार रुपये खरेदी धरली तर 2,00,000 रुपयांचा नफा नुसता शाईचा होता.

थोरले शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी थोडा वेळ डोकं धरलं, मग हिशेब मनात फिरवला आणि हसले. "दिवाणजी, काही करायची गरजच नाही. मागच्या वर्षीचा अखेरचा साठा तोच यंदाचा सुरुवातीचा. गेल्या साली नफा दोन लाखांनी फुगला, यंदा तेवढाच उतरेल. दोन वर्षं मिळून बरोबर. चूक आपोआप जिरते."

आणि हे खरं होतं. साठ्याच्या चुकीचा स्वभावच असा आहे; दुसऱ्या वर्षी ती स्वतःच्या पायांनी चालत निघून जाते. पुष्कळ वह्यांत ती अशीच गेली असेल.

"जिरेल," दिवाणजी म्हणाले. "पण कुणाच्या अंगात जिरेल ते बघा. यंदा धंदा जेमतेम 4,80,000 देईल. वही दाखवील 2,80,000. तोलाराच्या चार आण्यांचे 1,20,000 व्हायचे तिथे 70,000 होतील. त्याचे पन्नास हजार मधल्या मालकांनी पाडव्यालाच नेलेत. धाकट्या मालकांचं आणि तुमचं या खिशातलं त्या खिशात. जिरते ती तोलाराची."

शेठ गप्प झाले. मग म्हणाले, "असं करा. हळद सडली म्हणून यंदाच्या तोट्यात टाका. नाहीतर साठ्याची पद्धत बदलली म्हणा. आजवर आधी आलेला माल आधी गेला असं धरत होतो, आता सरासरी भाव धरू. त्या गडबडीत दोन लाख कोण शोधतोय?"

दिवाणजींनी चष्मा काढून पंच्याने पुसला. हळद पॉलिश करायचा ढोल कोपऱ्यात होता, त्याच्याकडे बोट केलं.

"हा ढोल घेतला तेव्हा दहा वर्षं चालेल असं धरलं होतं. आता सहाच चालेल असं दिसतंय. म्हणून मागच्या वह्या बदलायच्या का? नाही. तेव्हा जेवढं कळत होतं त्यावर घसारा बांधला. आता जास्त कळलं, इथून पुढे जास्त धरू. तो अंदाज होता, चुकला तरी त्यात पाप नाही. पद्धत बदलायची असेल तर खुशाल बदलू, पण का बदलली ते लिहून, आणि मागचं वर्षही त्याच पद्धतीने मांडून, म्हणजे दोन वर्षं शेजारी ठेवून बघता येतील. सातव्या पेवाचं तसं नाही. तिथे अंदाज करायचाच नव्हता. कंदील होता, दोरी होती, मी सोडून पाहिला नाही. याला चूक म्हणतात शेठ, आणि चुकीला दुसरं नाव दिलं की ती लबाडी होते."

आज मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस 8 या मानकात नेमके हेच तीन कप्पे आहेत. मोठी चूक सापडली तर मागच्या वर्षाचे आकडे नव्याने मांडावे लागतात. इतर कंपन्यांच्या एएस 5 मध्ये मागचं वर्ष तसंच ठेवून चूक चालू वर्षात, पण वेगळ्या ओळीत दाखवतात. मला स्वतःला पहिली रीत पटते, पण दुसरीतही निदान ओळ दिसते, आणि ओळ दिसली की माणसाला भांडता येतं. दिवाणजींना यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. त्यांना तोलाराचं तोंड दिसत होतं, एवढंच.

जुन्या वहीला त्यांनी रबर लावलं नाही की पान फाडलं नाही. समासात लाल शाईने 'नव्या वहीचे पान पाहावे' एवढं लिहिलं. नव्या पानावर मांडलं: पूर्वी लिहिलेला नफा 6,40,000. वजा, सातवे पेव विकलेले असून साठ्यात धरले, 2,00,000. खरा नफा 4,40,000. खाली: 'पेव उघडून न पाहता लिहिले, ही चूक माझी,' आणि सही. यंदाचा सुरुवातीचा साठाही तेवढ्याने उतरवला. बँकेला दिलेल्या साठ्याच्या पत्रकातही ते पेव होतं. तिथेही ते स्वतः गेले आणि नवं पत्रक देऊन, बोलणी खाऊन आले.

तोलाराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं दिवाणजी, तुमी लिवलं म्हंजे खरंच आसंल."

"तेच तर," दिवाणजी म्हणाले आणि सायकल काढून मधल्या मालकांच्या शेतावर गेले.

मधले मालक नव्या विहिरीच्या काठावर उभे होते. कागद दोनदा वाचला. "चूक तुमची आणि भुर्दंड मला?"

"चूक माझीच. त्याचं बोलणं मी ऐकून घेतो. पण पैसे तुमचे नव्हते."

"ते या विहिरीत गेले. विहीर बुजवू का आता?"

दिवाणजी उत्तर न देता उन्हात उभे राहिले. बराच वेळ गेला. मालकांनी माणसाला हाक मारून पाणी आणवलं, आपण घेतलं, दिवाणजींना दिलं. मग म्हणाले, "दोन हंगामांत देतो. पंचवीस-पंचवीस. व्याज मागू नका."

पुढच्या दिवाळीआधी दिवाणजींनी बाराही पेवांची तोंडं फोडायला लावली. पुन्हा लिंपायची मजुरी कोण देणार म्हणून शेठ दिवसभर पुटपुटत होते. दुसऱ्या दिवशी तोलाराने दोरी धरली, दिवाणजी वही घेऊन शेजारी बसले. कंदील हळदीवर टेकला की तोलार "लागला!" म्हणून ओरडे आणि दिवाणजी दोरी मोजून आकडा लिहीत. एक झालं, दोन झालं, सहा झाली.

"ह्ये रिकामंच हाय की," सातव्यापाशी तोलार म्हणाला. "आपल्याला ठावं हाय."

"तरी सोड," दिवाणजी म्हणाले.