फ्रिजमधला तांदूळ

आजऱ्यात जुलैमध्ये धुतलेला शर्ट चार-चार दिवस वाळत नाही. मी इस्त्री फिरवून कपडे वाळवायचो, सकाळ-संध्याकाळ गीझर लावायचो, जेवण इंडक्शनवर करायचो. तरी माझ्या भाड्याच्या फ्लॅटचं वीजबिल सहाशेच्या आसपास यायचं. एकट्या माणसाला लागतंय किती, असं मी मित्रांना ऐटीत सांगायचो.

वरच्या मजल्यावरच्या मावशी काजूच्या कारखान्यात कामाला. त्या आणि त्यांचा बारावीतला मुलगा, दोघंच. त्यांचं बिल दोन हजारांच्या घरात. आपल्याकडे घरगुती विजेचे शंभर युनिट स्वस्त असतात, त्यापुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. मावशींची सगळी धडपड त्या शंभराच्या आत येण्याची होती. त्यांनी बल्ब काढले. मुलाचा जुना कॉम्प्युटर गुंडाळून माळ्यावर टाकला. शेवटी फ्रिजच बंद केला आणि उंदरांपासून वाचवायला त्यात घनसाळ तांदळाच्या पिशव्या भरून ठेवल्या. बिल काही हललं नाही.

दिवाळीत मी आठ दिवस गावी गेलो. निघताना घरातला मेन स्विच बंद केला आणि जिन्याखालच्या मीटरचा फोटो काढून ठेवला. परत आलो तर रीडिंग अठरा युनिटनं पुढे. स्विच तर बंदच होता. वाकून बघितलं: माझ्या मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय, शेजारचा गप्प. वर येऊन स्विच चालू केला, गीझर लावला, परत खाली गेलो. शेजारचा दिवा भराभर लुकलुकत होता.

कधीतरी कुणीतरी दोन वायरी उलट जोडल्या होत्या. गंमत बघा, मीटर बरोबर, रीडिंग बरोबर, बिलंही बरोबर. कंपनीला पैसे पूर्ण मिळत होते. एकूण बेरीज जुळत असल्यामुळे ही चूक कुणाला खुपायचं कारणच नव्हतं. खुपत होती ती फक्त मावशींना, आणि त्यांना ती आपल्याच घरातली चूक वाटत होती.

यानंतर मी तीन आठवडे गप्प बसलो. लिहायचंय ते त्या तीन आठवड्यांबद्दल.

चौदा महिन्यांचा फरक एकोणीस हजारांच्या वर जात होता. पहिली सबब तयार होतीच: वायर मी जोडली नाही. पण 1872 च्या करार कायद्यातलं कलम 70 वाचलं आणि ती सबब लंगडी पडली. फुकट देण्याचा इरादा नसताना कुणी तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते, असं ते साधारण सांगतं. त्यात तुमची चूक होती का, हा प्रश्नच नाही. मावशींनी ते ‘माझ्यासाठी’ केलं का, यावर वकील वाद घालतील. मीही मनातल्या मनात घातला.

दुसरी सबब जास्त हुशार होती. खरं बिल दिसलं असतं तर मी एवढी वीज जाळलीच नसती. मग जी मी मुद्दाम विकत घेतली नसती, तिचे पूर्ण पैसे का द्यायचे? या युक्तिवादावर मी बरेच दिवस खूश होतो. एका रात्री तोच मावशींच्या बाजूनं लावून बघितला. खरं बिल दिसलं असतं तर त्यांनी फ्रिज चालू ठेवला असता. नासलेलं दूध, अंधारातला जिना, माळ्यावरचा कॉम्प्युटर हे सगळं हिशोबात धरलं तर माझं देणं कमी होत नव्हतं, वाढत होतं. आणि त्यांनी फ्रिज बंद केला तेव्हा उतरलं होतं ते माझं बिल.

दिवाळीपर्यंत मला काही माहीत नव्हतं. तोपर्यंतचे फक्त पैसे देणं लागत होतो. त्या तीन आठवड्यांत मात्र मी रोज सकाळी सगळं माहीत असताना गीझर लावत होतो. याला कुठलं कलम लागतं मला ठाऊक नाही, पण अंघोळीला मजा येत नव्हती एवढं खरं.

शेवटी बिलांचे फोटो, बेरजेचा कागद आणि पहिल्या हप्त्याचे पाच हजार घेऊन वर गेलो. मावशींनी कागद उलटा-सुलटा केला, पैशांना हात लावला नाही.

“म्हणजे आमचं शंभराच्या आतच होतं?”

“सत्तरच्या आसपास, मावशी.”

त्या बराच वेळ फ्रिजकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पैशाचं बघू मागनं. आदी आत जा, पोराला सांग हे. रात्रभर मोबाइल चार्जिंगला लावतोस म्हणून दोनदा मारलंय मी त्याला.”

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्यानं सगळं ऐकलेलं होतं.