‘होय’ म्हणजे कबुली काय?

आरोपीने गुन्हा कबूल केला की आपण म्हणतो, आता पुरावा कशाला? पण त्याला प्रश्नच कळला नसेल तर?

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात अर्ल वॉशिंग्टन नावाचा काळा शेतमजूर होता. त्याची समज दहा वर्षांच्या मुलाएवढी. १९८३ साली पोलिसांनी दुसऱ्याच प्रकरणात त्याला पकडले आणि वर्षभरापूर्वीच्या एका खुनाबद्दल विचारले. तो ‘होय’ म्हणाला. खून झालेली स्त्री गोरी होती. त्याने ती काळी असल्याचे सांगितले! तरीही १९८४ साली त्याला देहदंड ठोठावला गेला. पुढच्या वर्षी मरणाला नऊ दिवस उरले असताना तो थांबला. डी. एन. ए. तपासणीनंतर २००० साली राज्यपालांनी त्याला त्या खुनातून मुक्त केले.

तो ‘होय’ का म्हणाला? ‘तुला काही कळत नाही’ हे ज्याने जन्मभर ऐकले, तो न कळलेले लपवतो. मोठ्या माणसाची मर्जी राखायला मान डोलावतो. हा आज्ञाधारकपणा आहे, सत्य नव्हे.

२००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक अपंगांना देहदंड देण्यास मनाई केली. खोट्या कबुलीचा धोकाही नोंदवला. पण चौकशीच्या खोलीतले काय? सर्वांना एकाच रीतीने प्रश्न विचारणे म्हणजे समता नव्हे. सोपे शब्द, विश्वासाचा सोबती, वकील ही मेहेरबानी नाही. त्यांच्याविना न्यायच नाही.

आपल्या घरातल्या अशा मुलाला ‘मला समजले नाही’ म्हणायला शिकवा. आणि तो तसे म्हणाला, तर रागावू नका.