खंडणी, आपद्धर्म आणि अभय

बंदिवानाच्या सुटकेसाठी लुटारूला द्रव्य द्यावे की नाही, हा प्रश्न धर्मशास्त्राला नवा नाही. ज्यू परंपरेने बंदिवानाची सुटका हे पुण्यकर्मांत फार वरच्या कोटीचे कर्म मानले. आणि तरीही मिश्ना या तिच्या प्राचीन धर्मसंहितेतील ‘गिट्टिन’ या भागात असा निर्बंध घालून ठेवला की, बंदिवानाला त्याच्या मोलापेक्षा अधिक किंमत देऊन सोडवू नये, कारण तसे केल्याने जगाची घडी विसकटते. या निर्बंधामागचा हेतू कोणता, समाजाची तिजोरी रिकामी होऊ नये हा, की लुटारूंना पुढच्या अपहरणाची चटक लागू नये हा, याचा ऊहापोह मिश्नेचे विवरण करणाऱ्या तालमुद या ग्रंथाने केला. तेराव्या शतकातील धर्मपंडित रोथेनबर्गचे मेइर यांना जर्मन राजा रुडॉल्फ याने १२८६ साली कैदेत टाकले, तेव्हा आपल्यासाठी भारी खंडणी भरण्यास त्यांनी स्वकीयांना मनाई केली, असे परंपरा सांगते. १२९३ साली ते कैदेतच निवर्तले, आणि त्यांचा देहसुद्धा १३०७ साली द्रव्य मोजल्यावरच दफनासाठी हाती आला.

आज एखाद्या कंपनीचे सबंध दप्तरच ओलीस धरले जाते. चोरलेल्या पासवर्डाच्या किंवा दुरुस्तीवाचून राहिलेल्या उपकरणाच्या वाटेने हल्लेखोर संगणकजाळ्यात शिरतात, निमूटपणे आतील व्यवस्था न्याहाळतात, राखीव प्रती सापडल्या तर त्या नष्ट करतात, महत्त्वाची माहिती बाहेर पळवतात, आणि मग सर्व दस्तऐवज सांकेतिक कुलपात बंद करून किल्लीची किंमत सांगतात. ती न दिल्यास पळवलेली माहिती चव्हाट्यावर मांडण्याची धमकी वेगळीच. रॅन्समवेअरच्या या मामल्यात खाद्यपदार्थ, पेये, साबण असा नित्योपयोगी माल करणाऱ्या कंपन्या विशेष अगतिक ठरतात, कारण त्यांचा पुष्कळसा माल नाशवंत, दर नगामागे नफा अल्प, आणि मागणी नोंदवण्यापासून गुदामातील माल रवाना करण्यापर्यंतचा सारा कारभार संगणकांवर विसंबलेला असतो.

जपानच्या ‘असाही’ या पेये बनवणाऱ्या समूहावर २९ सप्टेंबर २०२५ रोजी हा प्रसंग ओढवला. मागण्या घेणे आणि माल पाठवणे बंद पडले, आणि बीअरचे पेले भरते ठेवण्यासाठी कर्मचाऱ्यांना कागद, दूरध्वनी आणि फॅक्स यांचा आश्रय घ्यावा लागला. अध्यक्ष आत्सुशी कात्सुकी यांनी नोव्हेंबरात पत्रकारांसमोर खंडणी दिली नसल्याचे सांगितले. राखीव प्रती शाबूत होत्या, तरीही व्यवस्था मार्गी लागण्यास महिने गेले. सुमारे एकोणीस लाख लोकांची माहिती उघड झाली असण्याचा संभव कंपनीने मान्य केला, आणि त्यांत ग्राहकसेवेकडे कधीकाळी विचारणा केलेले, कर्मचाऱ्यांचे कुटुंबीय, एवढेच नव्हे तर कंपनीने ज्यांना अभिनंदनाच्या वा शोकाच्या तारा पाठवल्या होत्या असे बाहेरचे लोकही होते. याच्या उलट, मांसप्रक्रिया करणाऱ्या जेबीएस कंपनीने मे २०२१ च्या अखेरीस झालेल्या हल्ल्यानंतर एक कोटी दहा लाख डॉलर मोजले. आणि ते मोजले तेव्हा आपले बहुतेक कारखाने चालू झालेले होते, पण ग्राहकांना संभाव्य झळ पोचू नये म्हणून हा निर्णय घेतला, असे तिने स्वतःच जाहीर केले.

हा हेतू मी हीन मानत नाही. ज्याच्या हाती शेकडो घरांचा चरितार्थ आहे, त्याने केवळ तत्त्वाच्या अभिमानापायी ती घरे उपाशी ठेवावीत, असे कोणताही धर्म सांगणार नाही. परंतु खंडणीचा जमाखर्च मांडताना कंपनी आपल्या ताळेबंदापुरतेच पाहते, आणि त्या द्रव्याच्या बळावर उद्या ज्या अपरिचित कारखान्यावर वा इस्पितळावर घाला पडेल, त्याचे दुःख तिच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. तालमुदाच्या पंडितांना नेमके हेच दूरचे दुःख दिसले होते. शिवाय लुटारूच्या शब्दाला जामीन कोण? जून २०१७ मध्ये युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक संगणकप्रणालीने खंडणीचे केवळ सोंग घेतले होते, पैसे भरूनही दस्तऐवज परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. चॉकलेट-बिस्किटांच्या मॉन्डेलीझ कंपनीचे १,७०० सर्व्हर आणि २४,००० लॅपटॉप त्यात निकामी झाले, तिच्या विमा कंपनीने युद्धजन्य कृत्याचे कलम दाखवून दावा नाकारला, आणि मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या जाळ्यातून तेच लोण आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत येऊन पोचले.

येथे कोणी आपद्धर्माचा हवाला देईल. महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणात क्षुधेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चोरी आणि अभक्ष्यभक्षण यांस प्रवृत्त होतो, आणि प्राण राहिले तरच धर्माचरण शक्य, हे त्याचे समर्थन ग्रंथकाराने अव्हेरलेले नाही. परंतु अवर्षण विश्वामित्राच्या हातचे नव्हते. जे संकट येण्याचा संभव वर्षानुवर्षे सर्वांना ठाऊक आहे, ज्याच्या निवारणाची साधने माहीत आहेत, आणि तरी ज्याच्यासाठी खर्च करण्याचे टाळले गेले, ते संकट कोसळल्यावर आपद्धर्माचे कवच मागण्याचा अधिकार कितपत उरतो? कर्जदाराची टाळाटाळ आणि दैवाचा आघात यांत धर्म भेद करतो, तसा येथेही केला पाहिजे.

म्हणून या प्रश्नाचे नैतिक केंद्र मला खंडणीच्या दिवशी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधीच्या निवांत दिवसांत दिसते. माहितीची एक प्रत जाळ्यापासून सर्वस्वी अलग ठेवणे, तीवरून व्यवस्था खरोखर उभी राहते की नाही याची नियमित परीक्षा घेणे, केवळ पासवर्डावर प्रवेश न देणे, संगणकावाचून मागण्या घेण्याचा सराव ठेवणे, ज्यांची गरज संपली अशा लोकांची माहिती साठवूनच न ठेवणे, आणि आणीबाणीत निर्णय कोणी घ्यावा हे आधीच लिहून ठेवणे, ही कामे तंत्रज्ञांच्या दप्तरी ढकलण्याजोगी किरकोळ कामे नव्हेत. ती मालकांची आणि संचालकांची धर्मकर्तव्ये आहेत. ज्याने ही तजवीज केली नाही, त्याला त्या दिवशी खरे पाहता निवडीचा अधिकारच उरत नाही, कारण लुटारूने सांगितलेली किंमत किंवा सर्वनाश एवढेच दोन पर्याय त्याच्यापुढे असतात.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. हे अभय बेफिकिरीतून येत नाही. आपल्यावर विसंबलेल्यांच्या रक्षणाची शक्य ती तजवीज केल्याच्या जाणिवेतून ते येते. अशी तजवीज केलेल्या कंपनीचेही नुकसान होईल, पुष्कळ होईल. परंतु दुसऱ्याच्या उद्याच्या विपत्तीचा खर्च आपण उचलणार नाही, असे म्हणण्याचे सामर्थ्य तिच्याजवळ शिल्लक राहील, आणि ते सामर्थ्य विकत घेण्याची मुदत हल्ल्याच्या आदल्या दिवशीच संपते.