पगार देऊन मजुरी

पोर्तुगीज लोकांनी आपल्याला जे शब्द दिले त्यांत 'पगार' हा एक आहे, हे मला बी.कॉम.ला कुणी सांगितलं नव्हतं. बटाटा, पाव, काजू, चावी, घमेलं आणि पगार. घमेलं आणि पगार एकाच गलबतातून उतरले असावेत अशी माझी समजूत आहे. कारण ज्याच्या डोक्यावर पहिलं चढतं त्याच्या हातावर दुसरा सहसा वेळेवर पडत नाही. पण खुद्द पोर्तुगीज भाषेत पगार ही मिळणारी वस्तूच नव्हे. तिकडे ते क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ 'पैसे देणं'. घेणाऱ्याकडून पाहिलं की आपला पगार, देणाऱ्याकडून पाहिलं की त्यांचा. व्यवहार एकच, नोंदी दोन. एक जमेला, एक नावे. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. तरीसुद्धा पोर्तुगालात दोरू नदीच्या खोऱ्यात या जमा-नावेनं मला असं काही अडकवलं की तो हिशेब अजून जुळलेला नाही.

सहलीचं नाव भारदस्त होतं. खाणं, वाइन आणि ग्रामीण पोर्तुगाल. आठच माणसं, आठच दिवस आणि एक छोटी बस. पैसे लंडनच्या मेव्हण्यानं भरले होते. त्याला रजा मिळणार नाही हे दोन महिने आधी कळलं आणि भरलेले पैसे परत मिळत नव्हते, तेव्हा त्याला बहिणीचं प्रेम आठवलं. (आमच्या घराण्यात जी काही परदेशगमनं झाली त्या सगळ्यांमागे कुणाची तरी नामंजूर रजा आहे.) बरोबर कॅनडातलं एक निवृत्त शिक्षक जोडपं, दोन इंग्रज बहिणी, एक डच दंतवैद्य आणि ताटातलं प्रत्येक पान गार होईपर्यंत त्याचे फोटो काढणारा एक अमेरिकन. वाटाड्या म्हणून इतिहास घेऊन पदवीधर झालेला एक पोरगा होता. इतिहास घेतल्यावर तिकडेही दुसरं काही मिळत नाही असं दिसतं.

तर कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं : 'द्राक्षं तुडवण्याचा अनुभव. अर्धा तास. ऐच्छिक. माणशी पस्तीस युरो.'

पस्तीस युरो म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास रुपये. द्राक्षं त्यांची, हौद त्यांचा, तुडवून होणारी वाइन त्यांची. पाय आमचे, आणि वर पैसेही आमचेच!

आता ही द्राक्षं पायानंच का तुडवायची, याला कारण आहे आणि ते पटण्यासारखं आहे. पोर्ट नावाची जी वाइन या खोऱ्यात होते, तिचा रस फक्त दोन-तीन दिवस आंबू देतात. मग त्यात द्राक्षांचीच कडक दारू ओततात. आंबवणारं यीस्ट त्या धक्क्यानं जागच्या जागी मरतं आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड. (इतकी गोड की पहिला घोट घेतल्यावर आमची ही म्हणाली, "खोकल्याचं औषध आहे का हो हे?" आणि दुसरा घेतला.) पण त्यामुळे सालींतला रंग आणि तुरटपणा त्या दोन-तीन दिवसांतच काढून घ्यावा लागतो. यंत्राचे दाते बियाही फोडतात, आणि बी फुटली की रस कडू. माणसाच्या पावलाला मात्र साल चेंगरायची आणि बी सोडायची एवढा पोच उपजत असतो. म्हणून मग ग्रॅनाइटचे मोठे चौकोनी हौद. त्याला म्हणतात 'लगार'.

दोरूचं खोरं पाहिलं की मनात येतं, इथं शेती करायचं कुणाला सुचलं? नदीकाठापासून उभे डोंगर आणि पाटीसारखा पापुद्र्यांचा दगड. माती अशी नाहीच. दगड फोडून माती करायची, फोडलेल्या दगडांचेच चुना न लावता बांध घालायचे, आणि त्या पायऱ्यांवर वेली लावायच्या. 1756 साली पोंबाल नावाच्या कडक प्रधानानं या खोऱ्याची हद्द आखून दिली आणि ग्रॅनाइटचे खांब पुरले. खांबाच्या आतली द्राक्षं पोर्टची, बाहेरची ती नुसतीच द्राक्षं. 2001 साली युनेस्कोनं हे सगळं जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. प्रधानाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. बांध ज्यांनी रचले त्यांची नावं कुणी मांडून ठेवली नाहीत, आणि माझ्यासारख्या खतावणीवाल्याला हे फार खटकतं.

सप्टेंबरात तोडणी लागली की वरच्या डोंगराळ गावांतून मजुरांच्या टोळ्या चालत खाली यायच्या. ढोल, अ‍ॅकॉर्डियन, बायका, पोरं. बायका घड तोडायच्या. पुरुष पन्नासेक किलोंच्या टोपल्या पाठीवर घेऊन बांधांच्या पायऱ्या उतरायचे. दिवसभर हे, आणि रात्री तेच पुरुष हौदात. मिगेल टोर्गा या लेखकानं 1945 साली या मजुरांवर 'विंदिमा' नावाची कादंबरीच लिहिली. विंदिमा म्हणजे द्राक्षांची तोडणी. पिन्यांव स्टेशनच्या भिंतींवर 1937 सालच्या निळ्या टाइल्सवर ही सगळी तोडणी चितारलेली आहे. चित्र सुंदर आहे. टाइल्सवर घाम टिकत नसावा.

तुडवण्याचीही रीत आहे. पहिले दोनेक तास सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून रांग धरायची आणि मुकादमाच्या हुकमावर एक-दोन, डावा-उजवा करीत इंचाइंचानं पुढे सरकायचं. मांड्यांपर्यंत गार राडा. पाय उचलला की चिखल तो परत खाली ओढतो. मग मुकादम ओरडतो, "लिबर्दाद!" म्हणजे स्वातंत्र्य. मग वाजंत्री सुरू, रांग मोडते आणि ज्याला जसं हवं तसं तो नाचतो. मात्र हौदातच. स्वातंत्र्य मिळालं म्हणून तुडवणं काही थांबत नाही. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

आमच्या हिनं पत्रक वाचून ताबडतोब नकार दिला. "अन्नाला पाय लावायचा? आणि वर पैसे देऊन?"

लहानपणी आमच्या वाडीत ठाम समजूत होती, की बेकरीवाले कणीक पायानं तुडवतात म्हणूनच पावाला पाव म्हणतात. हा शब्द मूळ पोर्तुगीज 'पांव' आहे आणि त्याचा पायाशी काडीचा संबंध नाही, हे मी हिला लग्नापासून सांगत आलोय. आता त्याच पोर्तुगालात द्राक्षं खरोखरच पायानं तुडवताना पाहून तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की सगळं व्युत्पत्तिशास्त्र त्या हौदात बुडालं.

मी उतरलो. पैसे मेव्हण्याचे भरलेलेच होते. पाय धुतले, अर्धी चड्डी चढवली, एका बाजूला दंतवैद्य आणि एका बाजूला कॅनेडियन मास्तर. पहिली पाच मिनिटं अंगावर काटा, पुढची दहा मिनिटं फार मजा, त्यापुढची पाच मिनिटं मांड्या भरल्या. विसाव्या मिनिटाला मी काठावर होतो. पण मी पाहत राहिलो ते हौदापलीकडच्या बाकावरच्या सहा-सात माणसांकडे. ते आमचा खेळ आटपायची वाट बघत होते. आमच्या त्या अर्ध्या तासानं द्राक्षांचं फारसं काही होत नाही, खरं काम नंतर त्यांनाच करायचं असतं. ते उतरले, खांद्यांवर हात टाकले, आणि हौदाचा आवाजच बदलला.

म्हणजे हौद तोच, द्राक्षं तीच, पाऊलही तसंच. त्यांनी तुडवलं तर ते कष्ट, आणि मालक त्यांना पैसे देतो. मी तुडवलं तर ती मौज, आणि मी मालकाला पैसे देतो. मग कष्ट नावाची वस्तू नेमकी असते कुठे? पायात म्हणावं, तर पाय दोघांनाही होते. द्राक्षांत तर नक्कीच नाही.

रात्री जेवताना मी हा प्रश्न टेबलावर ठेवला. दंतवैद्य म्हणाला, फरक वेळेचा. अर्धा तास ती मौज, चार तास ते काम. हे मला पटेना. चार-चार तास रांगेत उभं राहून पैसे देऊन डोंगर चढणारे लोक मी पाहिलेत. मास्तरीणबाई म्हणाल्या, फरक पैशाचा. पैसे मिळाले की ते काम. मग फुकट धुणीभांडी करणाऱ्या तमाम बायका मौज करतात की काय? हे मी बोललो नाही, हिनं बोललं. आणि मग कोळंबीचं साल काढत ती सहज म्हणाली, "फरक एवढाच, तुम्हाला नको झालं तेव्हा तुम्ही चढून वर आलात. त्या माणसाला नको झालं तर तो चढून कुठे जाणार?"

इंग्रज बहिणींसाठी मी हे भाषांतर करून सांगितलं. दोघींनी काटे खाली ठेवले.

मला ते पटलं, पण सबंध नाही. कारण मीही गेली वीस वर्षं एका हौदात आहे आणि मलाही चढून जायला जागा नाही. असं असूनही संध्याकाळी रोकड पहिल्या मोजणीत जुळली की मला जो आनंद होतो, तो काही खोटा नसतो. कुणी परदेशी पाहुणा काचेपलीकडून माझी कीव करू लागला तर मला राग येईल. त्या माणसांनी 'लिबर्दाद' झाल्यावर हौदात जो ताल धरला, त्याला नुसती लाचारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि त्याला आनंद म्हणून मोकळं व्हावं, तर तो माझ्या सोयीचा आनंद होतो, हेही कळतं.

शिवाय आता त्या खोऱ्यात यंत्रानं तुडवणारे हौदही आले आहेत. पावलासारखा मऊ सिलिकॉनचा तळवा, ठरावीक दाब, रात्रपाळीला जादा भत्ता नाही. म्हणजे खरे पाय कमी होत चालले, आणि नेमके तेव्हाच पर्यटकांचे पाय वाढत चालले. काम नाहीसं व्हायला लागलं की त्याचं तिकीट निघतं, असा काही नियम असावा. म्हणून सांगतो, उद्या शेवटचा कारकून निवृत्त झाला की 'पारंपरिक भारतीय बँक-अनुभव' निघणार. अर्धा तास, ऐच्छिक. पर्यटकाला पितळी बिल्ला देतील, डगडगणाऱ्या बाकावर बसवतील, जाड खतावणीतली एक चुकलेली बेरीज शोधायला लावतील. ज्यादा पैसे भरणाऱ्याला खिडकीच्या आत बसून 'जेवणाची सुटी' ही पाटी स्वतःच्या हातानं लावता येईल. डच मंडळी टाळ्या वाजवतील. आणि कोपऱ्यात कुणी म्हातारा कारकून त्यांचा खेळ आटपायची वाट बघत बसलेला असेल, कारण बेरीज शेवटी त्यालाच शोधायची असणार.

पुढचे दिवस दक्षिणेला अलेन्तेजोत गेले. दोरू उभं, तर अलेन्तेजो आडवं. मैलोगणती गव्हाची रानं आणि बुचाची झाडं. या झाडाची साल दर नऊ वर्षांनी सोलतात आणि कुठल्या साली सोलली त्याचा शेवटचा आकडा बुंध्यावर रंगवून ठेवतात. इतकी चोख नोंद मी आमच्या शाखेतही पाहिलेली नाही. बहुतेक जमीन मूठभर घराण्यांची आणि गावंच्या गावं बिनजमिनीच्या मजुरांची, असा इथला जुना हिशेब. बेजाजवळच्या बालेइझांवला 19 मे 1954 रोजी कातारीना एउफेमिया ही सव्वीस वर्षांची मजूर बाई, कापणीची मजुरी वाढवून मागायला इतर बायकांबरोबर पुढे झाली आणि पोलीस दलाच्या अधिकाऱ्यानं तिला गोळी घातली. 'पगार' या क्रियापदाचा तिनं उच्चार केला, एवढाच गुन्हा. 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाही गेली, पुढल्या वर्षी मजुरांनी या जमिनी ताब्यात घेतल्या, आणि मग हळूहळू बऱ्याचशा परत गेल्या.

या मुलखाचं जेवण म्हणजे आसोर्दा. लसूण, मीठ आणि कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची (कोथिंबिरीचा वास येताच आमची ही त्या देशाची नागरिक झाली), त्यावर ऑलिव्हचं तेल, त्यावर उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि वर जमलं तर अंडं. थोडक्यात, घरात काही नसताना केलेला स्वयंपाक. आम्हाला तो एका पांढऱ्या भिंतींच्या शेतघरात, रंगीत मातीच्या वाडग्यांतून, तीन प्रकारच्या वाइनबरोबर वाढण्यात आला. अमेरिकनानं अकरा फोटो काढले.

आणि अडचण अशी की तो फार चविष्ट होता. मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

स्वयंपाक करणाऱ्या बाईची आई दारापाशी खुर्ची टाकून बसली होती. वय ऐंशीच्या घरात. लहानपणी आईबरोबर कापणीला जायची म्हणे. मास्तरीणबाईंनी प्रेमानं विचारलं, "आजी, तुम्ही नाही का घेत?" पोरानं विचारून भाषांतर केलं.

"म्हणते, पुष्कळ खाल्लं. आता तुम्ही खा."

टेबलावर कुणी काही बोललं नाही. तेवढ्यात फोटो काढताना अमेरिकनाच्या कोपराचा धक्का लागून पावाचा एक तुकडा खाली पडला. तो "सॉरी" म्हणून बुटानंच बाजूला सारणार, तोच म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. खाली वाकली, तुकडा उचलला, फुंकर मारली, त्याचा मुका घेतला आणि टेबलाच्या कडेला, कुणाचा पाय लागणार नाही असा, ठेवून दिला.

आमच्या हिनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. बराच वेळ काढला नाही.