न उच्चारलेली आज्ञा

मनुष्य आपल्या शब्दांबद्दल जबाबदार आहे, हे नीतिशास्त्र निःशंकपणे मान्य करते. परंतु त्याच्या नकळत त्याच्या शरीराने जे सांगितले, त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? हा प्रश्न विद्वानांपुढे एका घोड्याने मांडला.

बर्लिन येथे फॉन ऑस्टेन नामक निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स हा घोडा गणिताचे उत्तर खुराच्या ठोक्यांनी देई. प्रश्नकर्त्यासच उत्तर ठाऊक नसले, अथवा तो घोड्याच्या दृष्टीआड झाला, की हान्सचे गणित चुके, हे ऑस्कर फुंग्स्ट याने १९०७ साली सिद्ध केले. प्रश्न विचारून मनुष्य किंचित पुढे वाके. योग्य ठोका पडताच त्याचे मस्तक केसभर वर होई, आणि घोडा थांबे. ह्यात लबाडी कोणाचीच नव्हती. विशेष हे की, मर्म उमगल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल सर्वस्वी आवरता येईना!

हिंस्र श्वापदांचे भक्ष्य होणाऱ्या ह्या प्राण्यास बारीकशी हालचालही वेळीच ओळखावी लागते. नलराजास ‘अश्वहृदय’ ही विद्या अवगत होती, असे महाभारत सांगते; मनुष्यहृदय जाणण्याची विद्या मात्र अश्वाने कोणाकडून न मागताच मिळविली आहे.

मोरा बंदराहून लाँचने भाऊच्या धक्क्यास उतरून मुंबईत हिंडलेल्या आमच्या पिढीने व्हिक्टोरिया गाड्या पाहिल्या आहेत. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरविल्या. डोळ्यांस ढापणे बांधलेल्या घोड्यास हाकणारा दिसत नसे. पण मागे मोटारीचा भोंगा वाजून तो दचकला, की हाताचा ताण लगामावाटे घोड्याच्या तोंडापर्यंत पोचे. घोडा थबके, आणि थबकल्याबद्दल चाबूक खाई.

जे आवरत नाही त्याचा दोष कसला, असे कोणी म्हणेल. दचकण्यापुरते ते आम्हांस मान्य आहे. परंतु चाबूक काही आपोआप उगारला जात नाही. कायदा हेतू पाहतो, हे योग्यच. घोड्यास मात्र हेतू दिसत नाही, त्यास केवळ लगाम कळतो, आणि त्याने तो पाळलेला असतो. ‘मी तसे सांगितले नव्हते’ हा बचाव येथे लटका पडतो.

तोंडी परीक्षेत परीक्षकाच्या भुवया पाहून बरोबर उत्तर बदलणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले. त्यांचे गुण कापले जातात. भुवयांची नोंद गुणपत्रकात होत नाही.